रक्तातील जीवनसत्त्वे आणि काचबिंदू : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रामबागेतून आपण पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपल्या आईंच्या डोळ्यांचा दाब मर्यादेत असूनही त्यांना काचबिंदू झाला, रक्ततपासणीत त्यांचे बी-12 जीवनसत्त्व कमी आणि होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढलेले आढळले, फ्रान्समधील संशोधकांनाही अशा रुग्णांच्या रक्तात बी-3 कमी दिसले, तरीही मी डोळ्याचा दाब उतरवणाऱ्या थेंबांचाच आग्रह धरून मूळ कारणाकडे पाठ फिरवते, म्हणून थेंब बंद करून जीवनसत्त्वेच द्यावीत असे आपण ठरवत आहात. या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तराला उशीर करत नाही.

बी-3 च्या संशोधनाला मी कमी लेखत नाही. काचबिंदू होण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदरांना निकोटिनामाइड, म्हणजे बी-3 चेच एक रूप, दिल्यास डोळ्याच्या नसेचे रक्षण होते, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. आपण उल्लेखिलेला फ्रेंच अभ्यास 2019 चा. मात्र रुग्णांच्या एका गटाचे रक्त एकदा तपासून ही कमतरता आजाराच्या आधी आली की नंतर, हे कळत नाही. मेलबर्नमध्ये 57 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2020) काहींच्या दृष्टिपटलाच्या कार्यात सुधारणा दिसली. पण ते रुग्ण आधीपासून दाबाचे उपचार घेत होते, आणि त्यांना दिलेली मात्रा दिवसाला 3 ग्रॅमपर्यंत, म्हणजे रोजच्या गरजेच्या सुमारे दोनशे पट होती. एवढी मात्रा यकृताला त्रासदायक ठरू शकते. ती दुकानातून आणून मनानेच सुरू करण्याची गोष्ट नव्हे.

आता होमोसिस्टीन. हे अमिनो आम्ल बी-12 आणि फोलेट (ब गटातलेच आणखी एक जीवनसत्त्व) यांच्या साहाय्याने पुन्हा मेथिओनीन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतरित होते, त्यामुळे बी-12 कमी असेल तर ते साचते. आपल्याकडील शाकाहारी घरांत, विशेषतः मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, बी-12 कमी असणे अगदी नेहमीचे आहे, आणि त्यांतील बहुतेकांना काचबिंदू नसतो. शिवाय नमुना कसा हाताळला गेला हेही पाहावे लागते. रक्त काढल्यानंतरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, लवकर वेगळा करावा लागतो. मे महिन्यात सकाळी लोकमान्यनगरातून रक्त घेऊन, आणखी चार घरे करून दुपारी प्रयोगशाळेत पोहोचलेल्या पिशवीतील नळी साध्या तापमानात राहिली असेल, तर आकडा आईंच्या शरीरापेक्षा त्या प्रवासाविषयीच अधिक सांगेल. (मी जीवरसायनशास्त्र शिकवत आले आहे, आणि विद्यार्थ्यांना ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते.) होमोसिस्टीन वाढल्याचे निष्कर्ष प्रामुख्याने भिंगावर भुरकट कण साचणाऱ्या काचबिंदूच्या प्रकारात मिळाले आहेत, इतर प्रकारांत ते एकसारखे नाहीत. ग्लुटामेट या आणखी एका अमिनो आम्लाचेही असेच झाले : 1996 मध्ये डोळ्यातील काचाभ द्रवात ते वाढल्याचे जाहीर झाले, पण पुढे इतर संशोधकांना तसे आढळले नाही.

दाब मर्यादेत असताना थेंब कशाला, हा आपला प्रश्न रास्त आहे. नेमक्या अशाच रुग्णांवरील मोठा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दाब आणखी 30 टक्क्यांनी उतरवलेल्या डोळ्यांपैकी 12 टक्के, तर उपचार न दिलेल्यांपैकी 35 टक्के डोळ्यांत आजार वाढला. म्हणजे मर्यादेतला दाबही त्या नसेला जास्त ठरू शकतो, आणि एकदा गेलेले तंतू परत येत नाहीत. जीवनसत्त्वांच्या बाजूने एवढा भक्कम आकडा अजून कोणाकडेही नाही.

बी-12 ची कमतरता मात्र अवश्य भरून काढा, कारण ती स्वतःहूनही डोळ्याच्या नसेला इजा करते. तीत बहुधा मधली नजर आणि रंगांची ओळख आधी मंदावते, तर काचबिंदूत सहसा कडेची नजर आधी जाते. म्हणून बी-12 चा अहवाल आणि आधीच्या फील्ड टेस्टचे (नजरेच्या आवाक्याच्या तपासणीचे) कागद एकत्र घेऊन आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि दोन्ही आजार आहेत का, असे स्पष्ट विचारा. तोवर थेंब, आज रात्रीचा धरून, एकही चुकू देऊ नका.