‘पूर्वी म्हाताऱ्यांना मान होता’ म्हणे. कुठल्या म्हाताऱ्यांना?

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर ते फॉरवर्ड परत आलं. तुम्हालाही आलं असेलच, काठी टेकत चाललेल्या आजोबांचा पाठमोरा फोटो आणि खाली मजकूर, की पूर्वी वृद्धाश्रम नव्हते कारण एकत्र कुटुंब होतं, म्हाताऱ्यांना मान होता, मग पोरं अमेरिकेला गेली, सुना शिकल्या आणि सगळी वाट लागली, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, त्यांना दोन गोड शब्द आणि नामस्मरण एवढंच लागतं, आणि आता कॉलेजात म्हातारपणाचा ‘अभ्यास’ करायची वेळ आलीय, यापेक्षा मोठी शोकांतिका कुठली. खाली हात जोडल्याच्या सहा इमोजी. टाकणारे आमचे एक काका, आणि टायमिंग माझ्या भाचीसाठी, कारण ती शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्रात एमए करतेय आणि तिचा प्रोजेक्ट याच विषयावर आहे. ती बिचारी गप्प बसली. मला काय गप्प बसवेना.

तर पहिलं, एकत्र कुटुंब. सगळीकडं तेच होतं असं आपण धरूनच चालतो. ए. एम. शहा म्हणून समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी गुजरातमधल्या राधवणज गावाची १८२५ सालची घरवार नोंद तपासली, त्यात लहान आणि साधी घरं पण भरपूर निघाली. घर फुटतं, वाढतं, परत फुटतं, हे तेव्हाही चालूच होतं. आणि म्हातारी होईपर्यंत टिकायची किती माणसं? स्वातंत्र्याच्या सुमाराला सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. म्हणजे सगळे बत्तिशीत जायचे असं नाही, लहान बाळंच इतकी दगावायची की सरासरी खाली यायची, पण साठी ओलांडलेली माणसं देशात १९५१ ला साधारण दोन कोटी आणि २०११ च्या जनगणनेत दहा कोटींच्या वर. गावात चारपाच म्हातारे असताना त्यांना पाटावर बसवणं आणि प्रत्येक घरात दोन-दोन असताना सांभाळणं यात फरक असणारच की.

आता मानाचं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगते. आमचं गाव सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातलं, विट्याजवळ. आजोबा होते तोवर सोप्यातली बाज त्यांची, पहिला चहा त्यांना, त्यांना विचारल्याशिवाय बैल घ्यायचा नाही की सोयरीक ठरवायची नाही. सातबारा त्यांच्या नावावर होता, हे मला फार उशिरा कळलं. ते गेले आणि वर्षाच्या आत वाटणी झाली. तीन भाऊ, विहीर एक, म्हणून मोटारीचं पाणी पाळीवर. आणि आजी पण पाळीवर. महिना थोरल्याकडं, महिना मधल्याकडं, महिना आमच्याकडं. एक ताट, एक तांब्या, दोन लुगडी आणि तपकिरीची डबी, सगळं एका वायरच्या पिशवीत मावायचं. मी आठनऊ वर्षांची असेन, मे महिना होता, म्हणजे एकतीस दिवसांचा, आणि एकतीस तारखेला रात्रीचं जेवण कुणी घालायचं यावरनं आमचे बाबा आणि थोरले चुलते अंगणात हमरीतुमरीवर आलेले. आजी पिशवी भरून उंबऱ्यावर बसलेली. शेवटी तीच म्हणाली, मला भूक न्हाई.

हे १९८० च्या दशकातलं. तेव्हा कुणी अमेरिकेला गेलं नव्हतं आणि आमच्या घरात शिकलेली सून एकही नव्हती. म्हणजे फॉरवर्डमधला ‘पूर्वी’ तो हाच.

आणि त्याच्याही मागं जायचं असेल तर ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढा. सातशे वर्षांपूर्वीचं म्हातारपणाचं वर्णन आहे तिथं, घरच्या बायका किळस करतात, पोरंटोरं घाबरतात, रात्रीच्या खोकल्याला शेजारी वैतागतात. आता ते वैराग्य सांगायला लिहिलंय, मान्य, समाजाचा रिपोर्ट म्हणून नाही, पण ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटल्याशिवाय असले दाखले कोण देईल?

वृद्धाश्रम नव्हते म्हणता, तर पुण्यातलं ‘निवारा’ बघा, ते मूळचं डेव्हिड ससून यांच्या देणगीतनं उभं राहिलेलं पंगुगृह, १८६० च्या दशकातलं. बरं आज तरी म्हातारी माणसं कुणासोबत राहतात? आपल्याकडं ‘लासी’ नावाचा म्हातारपणावरचा मोठा सर्व्हे झाला, मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ ला केला, त्यात साठीपुढची शंभरातली साधारण सहा माणसं एकटी राहणारी निघाली. बाकीची कुणाच्या ना कुणाच्या सोबत घरातच आहेत, म्हणजे जे काय चांगलं-वाईट होतं ते बहुतेक घरातच होतं, पण घराचा फोटो कोण फॉरवर्ड करणार.

पोरं अमेरिकेला गेली, हे तर आमच्या भागात ऐकलं की हसूच येतं. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, देशभर पसरलेली आहेत, केरळ म्हणू नका, तमिळनाडू म्हणू नका, कलकत्ता म्हणू नका. आणि हे आजचं नाही, दोन-तीन पिढ्या झाल्या. गावात टोलेजंग बंगले, आणि आत एक म्हातारा, एक म्हातारी आणि दिवाळीची वाट. साताऱ्याकडं जावळी-पाटणची माणसं मुंबईत गिरणीत नि माथाडीत गेली, मागं आई-बाप आणि दर महिन्याची मनीऑर्डर. ती पोरं नालायक नव्हती, कुठं पाऊस नव्हता, कुठं जमीन पुरत नव्हती. १९७२ च्या दुष्काळात कुणाला कुठं जावं लागलं हे ज्यानं त्यानं आपल्या घरात विचारावं.

सुनांवर मी जास्त बोलत नाही, ग्रुपवर चार जावा आहेत. एवढंच विचारते, माझ्या चुलत वहिनीचं वय त्रेसष्ट, तिच्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी, त्यांना अंघोळ घालणं, डायपर, रात्री दोनदा उठणं हे सगळं वहिनी करते, तिचे स्वतःचे गुडघे गेलेत आणि दोघींच्या बीपीच्या गोळ्या एकाच डब्यात असतात. हिला फॉरवर्डमध्ये कुठं बसवायचं, म्हाताऱ्यांत का सुनांत?

दुसरं बालपण. हे वाक्य गोड वाटतं म्हणून धोक्याचं. लहान पोराला विचारायचं नसतं, ठरवायचं असतं, मग म्हाताऱ्यालाही तसंच. डॉक्टर आजारी माणसाला सोडून मुलाशी बोलतो, बँकेत कारकून शेजारी उभ्या नातवाला विचारतो ‘आजींना किती काढायचेत’. या अशा वागण्याला १९६९ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरनं नाव दिलं, जातिभेद-वर्णभेद तसा वयभेद. आणि आपल्याकडं ‘साठी बुद्धी नाठी’ आणि ‘म्हातारचळ’ हे शब्द तयारच आहेत, त्यामुळं एखाद्याला खरंच विसरण्याचा आजार सुरू झाला तरी दोन-तीन वर्षं घरचे म्हातारचळ म्हणून हसत बसतात. शिवाय बाळाच्या नावावर जमीन नसते हो. बक्षीसपत्रावर सह्या झाल्यावर गोड शब्द संपल्याची उदाहरणं इतकी झाली की २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ घालावं लागलं, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळवता येते, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं अर्ज करायचा. लेखी अट घालून ठेवलेली बरी, आधीच सांगते.

नामस्मरणाबद्दल माझी तक्रार नाही, हरिपाठाला बायका जमतात तेव्हा निम्म्या गप्पाच होतात आणि त्याही लागतात. पण ‘एवढंच लागतं’ कसं? तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर जाऊन बघा, सत्तरीच्या बायका मांडी घालून दिवसभर बेदाणा निवडतात, कारण श्रावणबाळ योजनेच्या सरकारी पेन्शनचे महिन्याला १५०० गोळ्यांना पण पुरत नाहीत. निवृत्त होऊन सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरणारे काका वेगळे आणि या वेगळ्या. (आमराईतल्या बाकांवर बायका किती बसतात तेही एकदा मोजा.)

राहिला अभ्यास. भाचीबरोबर मी गावाकडं दोन रविवार फिरले. तिच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न वय. एक आजी म्हणाल्या, जळिताच्या साली मी रांगत हुते. भाचीला कळेना. जळीत म्हणजे १९४८, गांधीजींच्या खुनानंतर आपल्या भागात घरं जाळली ते, अजून जुनी माणसं त्यावरनं वय मोजतात. म्हणजे आजी पंचाहत्तरीच्या पुढं. आधार कार्ड काढलं तर १ जानेवारी १९५६. कुणीतरी अंदाजानं टाकलेलं, निम्म्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीच. त्यामुळं पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे ती यांना नाही, बायकांचं अर्धं तिकीट काढून त्या विट्याला बाजाराला जातात आणि कंडक्टरला दर वेळी जळिताची गोष्ट सांगतात.

भाचीनं वयाच्या रकान्यात दोन आकडे लिहिले, कार्डावरचा आणि आजींचा. फॉर्मवर पुढचा प्रश्न होता, घरात तुम्हाला कुणी विचारतं का. आजींनी आधी आत सून कुठं आहे ते बघितलं, मग पेन खाली ठेव म्हणाल्या, आणि मग बोलल्या. पाऊण तास. त्यातलं काय मी इथं लिहिणार नाही, पण काका, तुमच्या फॉरवर्डमधली एक पण ओळ त्यात नव्हती.