पंच्याहत्तरीची टोळी

परवा रात्री 'स्टँड अप गाइज' पाहिला. २०१२चा, जुनाच. अल पचिनो अठ्ठावीस वर्षांनी तुरुंगातून सुटतो, घ्यायला जुना साथीदार क्रिस्टोफर वॉकेन येतो. दोघं रात्री औषधांचं दुकान फोडतात आणि वॉकेन तिथून स्वतःच्या नेहमीच्या गोळ्या भरून घेतो! मग वृद्धाश्रमात जाऊन तिसऱ्याला, ॲलन आर्किनला, पळवून आणतात. एकेकाळचा टोळीचा ड्रायव्हर तो. स्टिअरिंग हातात आल्याबरोबर म्हातारा पोरगा होतो.

चुलतभावांच्या ग्रुपवर कौतुकानं लिहिलं, तर अमळनेरहून लगेच उत्तर: "पाहा, तुमच्याकडं दोस्ताला भेटायलाही वृद्धाश्रमात जावं लागतं." लंडनला आल्यापासून हे 'तुमच्याकडं' ऐकतोय. जसा काही तो आश्रम मीच चालवतो. आपल्याकडं आईबापांना पोटगी मिळावी म्हणून २००७ साली कायदा करावा लागला, तो काही लंडनकरांसाठी नव्हता, एवढं लिहिलं आणि फोन ठेवला. आमच्याच गल्लीतल्या कुलूपबंद माड्यांबद्दल लिहिणार होतो, पण त्यातली एक माझीच.

मला आवडला तो त्या म्हाताऱ्यांचा वाह्यातपणा. आपल्याकडं साठी उलटली की माणसानं देवळात बसावं, नाहीतर नातवंडांना शाळेत सोडावं.

इथं लंडनमध्ये २०१५च्या ईस्टरच्या सुट्टीत हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या पेठेतल्या तिजोऱ्या फुटल्या. चोर बहुतेक साठीपुढचे, आणि ७६ वर्षांचा म्होरक्या त्या कामगिरीवर ज्येष्ठांच्या फुकट पासावर बसनं गेला होता. लोकांचा माल गेला, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण बसचं वाचलं आणि मला आमचे आप्पा आठवले.

ऑगस्ट २०२२पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. तेव्हा संस्कारांवर बोलणारे हेच भाऊ कुरकुरत होते: एसटी आधीच तोट्यात, म्हाताऱ्यांना कशाला हिंडवता? आप्पांची चौघांची टोळी तोवर चोपड्याच्या गाडीत बसलीही होती. उनपदेवच्या गरम पाण्यात गुडघे बुडवायला. चौघांतले नाना खरे त्र्याहत्तरचे. शाळेत लवकर घ्यावं म्हणून गुरुजींनी दोन वर्षं वाढवून १ जून तारीख टाकली, तीच आधारवर आली. कंडक्टर आधार बघतो तेव्हा नाना खिडकीबाहेर बघतात, बाकी तिघं एकदम गंभीर. आप्पा हे फोनवर सांगतात तेव्हा हसताना त्यांची कवळी वाजते.

इथला पास सहासष्ट पूर्ण झाल्यावर मिळतो आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर चालतो. माझ्या बसमध्ये सव्वानऊला म्हातारे चढतात. नीटनेटके, हातात पिशवी, बहुतेक एकेकटेच. ड्रायव्हरला गुड मॉर्निंग म्हणतात आणि उतरेपर्यंत गप्प. त्यांच्याकडं पाहिलं की एसटीच्या तोट्याचा हिशेब मला पटेनासा होतो. भावांना हे सांगून उपयोग नाही, ते परत वृद्धाश्रमावर येतील.

मागच्या डिसेंबरात घरी होतो. रात्री आठला आप्पांचा फोन: "काय करी राहिना रे भो? मळ्यात ये." जाऊन पाहतो तर कपाशीच्या काड्यांचा जाळ, वर वांगी टम्म फुगलेली, नाना फुंकर मारत साल सोलताहेत. शेजारी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी. वांगी आमच्या मळ्यातली नव्हती, आम्ही यंदा लावलीच नाहीत. कुणाची म्हणून विचारलं, तर चौघंही जाळाकडं बघत बसले.