पहिला फोटो मृगाचा काढा, आकाशगंगा कुठे पळून जात नाही

नवा ट्रायपॉड घरात आला की पहिली चौकशी ठरलेली, आकाशगंगेसाठी कुठे जाऊ? माझं मत विचाराल तर पहिल्या रात्री कुठेच जाऊ नका. आकाशगंगेचा भरगच्च भाग धनू-वृश्चिकेकडे. मार्चमध्ये त्यासाठी पहाटे उठायचं, मेमध्ये मध्यरात्र गाठायची आणि जून लागला की ढग. उलट डिसेंबर-जानेवारीत जेवणं उरकून गच्चीवर या, मृग नक्षत्र (ओरायन) समोर हजर. फक्त चंद्र नसलेली रात्र निवडा. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात असतेच.

साधी १८-५५ किट लेन्स पुरते. १८ मिमी, एफ ३.५, आयएसओ १६००, १० सेकंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). इथे कुणीतरी '५०० चा नियम' सांगेल: ५०० ला लेन्सच्या मिमीने भागा, येतील तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा. त्या हिशेबाने क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, इथे मिमी दीडपट धरायचे) १८ सेकंद चालायला हवेत. पण मृग खगोलीय विषुववृत्तावर आहे आणि तिथले तारे सगळ्यात वेगाने सरकतात. ध्रुवताऱ्याजवळ खपून जाणारे १८ सेकंद इथे ताऱ्यांच्या रेघा करतात. ५०० च्या जागी ३०० धरा.

फोटो सर्वांत जास्त वाया जातात ते फोकसमुळे. अनंताच्या खुणेवर विसंबू नका, बऱ्याच किट लेन्सवर ती नसतेच. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध (मृगाजवळचा सर्वांत ठळक तारा) मधोमध आणून १० पट मोठा करा आणि रिंग अगदी सावकाश फिरवा. ठिपका बारीक होत जातो आणि एका जागेनंतर पुन्हा फुगतो. सर्वांत बारीक असतो तिथे थांबा. यानंतर झूमला हात लावला तर सगळं पहिल्यापासून. काही नव्या लेन्समध्ये कॅमेरा झोपला की फोकसही जातो, म्हणून ऑटो पॉवर ऑफ आधीच बंद करून ठेवा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, शटरला २ सेकंदांचा टायमर.

अंधारात स्क्रीन फसवते, काळपट फोटोही झकास दिसतो. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) बघा, त्यातला डोंगर डाव्या भिंतीला टेकलेला नको. मृगातले दोन ठळक तारे बघा, काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर यायला हवा. दोन्ही पांढरेफटक आले तर आयएसओ उतरवा.

रात्र चढली की तारे अचानक मऊ दिसायला लागतात आणि लोक फोकसशी झटापट सुरू करतात. आधी लेन्सवर टॉर्च मारा. दव धरलेलं असतं. पुसलंत तर लगेच पुन्हा धरतं. लेन्सभोवती मोजा घालून त्यात हात शेकायची छोटी पिशवी खोचली की काम होतं.

फ्रेम एकच काढून उठू नका, २०-३० काढा. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले खोटे ठिपके कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू राहिलं तर प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ जातो, ते बंद करा. त्याऐवजी शेवटी टोपण लावून त्याच सेटिंगवर ८-१० काळ्या फ्रेम घ्या, ते ठिपके नंतर त्यांवरून वजा होतात. सिक्वेटर हे विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर हे सगळं एकत्र रचतं. मग मृगाच्या मधोमध एका ओळीत असलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांशेजारचा तो धुरकट डाग मोठा करून बघा, तोच मृगातला तेजोमेघ.