भोक पडलं म्हणून बदकाचं अंडं सोलू नका

गोव्यात डिचोली-सत्तरीकडे घरी बदकं पाळणाऱ्यांच्या मोबाईलवर एक मजकूर सध्या खूप फिरतोय: पिल्लाने आतून चोचीने अंड्याला भोक पाडून बारा तास झाले की कवच सोलून पिल्लू काढा, नाहीतर ते गुदमरेल, कवचाच्या आतला पापुद्रा सुकला तर अंडं कोमट पाण्यात बुडवा, थोडं रक्त आलं तरी थांबू नका, पिल्लू निघालं की लगेच पाण्यात सोडा. यातली एकेक सूचना पिल्लाच्या जिवावर उठणारी आहे.

आधी गुदमरण्याची भीती. भोक पडलं म्हणजे पिल्लाला बाहेरची हवा मिळू लागली. मग ते तासन्‌तास निपचित दिसतं, पण आत काम चालू असतं: पापुद्र्याच्या शिरांमधलं रक्त अंगात परत येत असतं, उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जात असतो. बदकाच्या पिल्लाला यासाठी २४ ते ४८ तास लागू शकतात. बारा तासांनीच सोललंत तर शिरा तुटतात आणि बलक बाहेर लोंबत राहतो. पिल्लू काही चघळत असल्यासारखी चोच हलवत असेल, तर बलक ओढणं बहुधा संपलेलं नाही.

म्हणूनच रक्ताबद्दलचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. एवढ्याशा जिवाच्या अंगात रक्त असतं तरी किती? लाल रेघ दिसली की हात थांबवा, स्वच्छ कापसाने हलकं दाबून धरा आणि अंडं उबवणीच्या यंत्रात परत ठेवा. काही तासांनी पुन्हा बघा.

भोक पडलेलं अंडं बुडवलं तर पाणी थेट नाकात जातं. पापुद्रा सुकण्यामागे बहुतेक वेळा यंत्राचं झाकण सारखं उघडणं असतं. पावसाळ्यात गोव्याची हवा ओलीच, यंत्रात पाणी कशाला, असंही इथे ऐकू येतं. पण २६ अंशांची ९० टक्के आर्द्र हवा ३७.५ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता पन्नास टक्क्यांच्याही खाली येते. उबवणीच्या शेवटच्या तीन दिवसांत ती सत्तरच्या आसपास लागते.

मदत कधीच करू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. ४८ तासांत काहीच पुढे सरकलं नाही, पापुद्रा पांढरा, कागदासारखा होऊन अंगाला चिकटला, किंवा भोक निमुळत्या टोकाला पडलं, तर लक्ष घालायलाच हवं. हात धुवा. चोचीजवळचं भोक थोडं मोठं करा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकपुड्या टाळत पापुद्रा ओला करा. शिरा दिसेनाशा झाल्यावरच वरची टोपी काढा. खालचा भाग तसाच ठेवा, पिल्लू पाय झाडत स्वतः निघेल. बेंबीला चिकटलेलं काहीही ओढू नका.

राहिलं पाण्यात सोडणं. आईखाली वाढणाऱ्या पिल्लाच्या पिसांना तिच्या अंगाचं तेल लागतं. यंत्रातल्या पिल्लाला ते मिळत नाही, ते भिजतं आणि गारठून मरतं. पूर्ण सुकेपर्यंत त्याला उबेतच राहू द्या. पोटातला बलक पहिला दिवस पुरतो. नंतर चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, पण पिल्लू आत उतरू शकणार नाही, अशा भांड्यात पाणी ठेवा.