बोट्स्वानातील मोरेमी अभयारण्यातल्या आमच्या कॅम्पविषयी आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

जुलैच्या अखेरीस आपण सहकुटुंब तीन रात्री आमच्याकडे राहिलात. एवढे पैसे मोजूनही गाइडने गाडी वाटेखाली उतरवली नाही म्हणून बिबट्या नीट दिसला नाही, कोरडा ऋतू सांगून पाण्यातून फिरवले, सूटकेस मौन या गावाच्या विमानतळावर ठेवाव्या लागल्या आणि कांदा-लसूण नको असे कळवूनही लसणाची डाळ वाढली गेली, असे आपण लिहिले आहे.

डाळीची तक्रार पूर्णपणे खरी आहे. आपली सूचना आमच्याकडे पोहोचली होती, पण स्वयंपाक्यांची पाळी बदलताना ती पुढे सांगितली गेली नाही आणि आपल्या आईंना ती रात्र फळांवर काढावी लागली. माझी आजी चातुर्मासात कांदा-लसूण शिवत नसे, त्यामुळे मला याचे गांभीर्य माहीत नव्हते असेही म्हणता येणार नाही. मी आपली आणि त्यांची मनापासून क्षमा मागतो.

सामानाबाबत निम्मी चूक आमची आहे. मौनहून येणारी छोटी विमाने मातीच्या धावपट्टीवर उतरतात आणि त्यांत माणशी २० किलो, तेही मऊ पिशवीतच, नेता येते. ही अट आमच्या पत्रात होती, पण चौथ्या पानावर.

पाण्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. जुलैत बोट्स्वानात पाऊस नसतो, म्हणून तो कोरडा ऋतू. पण ओकावांगो नदीचे पाणी इथल्या पावसाचे नाहीच. अंगोलाच्या डोंगराळ भागात तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, पडलेला पाऊस कुबांगो आणि कुइतो या नद्यांमधून महिनोन्‌महिने सावकाश उतरत येतो आणि जवळजवळ सपाट असलेल्या या त्रिभुज प्रदेशात नेमका इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, पसरतो. समुद्राला न मिळता तो वाळूत आणि हवेत विरून जातो. आपण मोकोरोतून, म्हणजे इथल्या अरुंद होडीतून, ज्या कमळांमधून गेलात ती याच पाण्यावर फुललेली होती. तेव्हा आम्ही सांगितले ते खोटे नव्हते, अपुरे मात्र होते.

राहिला गाइड. त्याच्यावर कारवाई करावी ही आपली मागणी मी मान्य करू शकत नाही. मोरेमी हे १९६३ साली बटावाना लोकांनी स्वतःच्या भूमीवर राखून ठेवलेले अभयारण्य आहे आणि येथे वाट सोडून गाडी नेण्यास व रात्री फिरण्यास मनाई आहे. बिबट्या झाडीत चाळीस पावलांवर असताना, गाडीतील सगळे आग्रह करत असताना नियम पाळणे सोपे नसते (मी स्वतः गाइड म्हणून काम केले आहे), आणि त्याने तो पाळला याबद्दल मी त्याचे कौतुकच केले. अभयारण्याच्या सीमेबाहेरील खाजगी क्षेत्रांत वाटेखाली गाडी नेता येते व रात्रीही फिरता येते. बिबट्याचे जवळून छायाचित्र हाच आपला हेतू असेल, तर पुढच्या वेळी तिथला एखादा कॅम्प निवडावा. आमचा धंदा बुडाला तरी हरकत नाही. हा फरक आम्ही आरक्षणाच्या वेळीच सांगायला हवा होता.

सामानाची अट आणि हा फरक आता पत्राच्या पहिल्याच पानावर आहे. त्या रात्रीच्या मुक्कामाची आपल्या आईंच्या वाट्याची रक्कम, ज्या खात्यातून ती भरली गेली त्याच खात्यात या आठवड्यात परत करीत आहोत.

आपला,
कॅम्पचा मालक