ताबा कधी?

"क्लास म्हणजे नकाशा रे मामा, आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या नकाशावरून बांधलेलं खरं घर," प्रोग्रामिंग शिकवताना भाची म्हणाली, आणि माझ्या पोटात गोळा आला.

लालबागची आमची चाळ पाडून ९ वर्षं झाली. डोंबिवलीच्या भाड्याच्या घरात बिल्डरचा नकाशा लॅमिनेट करून टांगलाय: हॉल, बाल्कनी, गच्चीवर पोहण्याचा तलाव. म्हणजे क्लास आहे, ऑब्जेक्टचा पत्ता नाही. त्यात अकाउंट्समधल्यांनीही जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची, असं ऑफिसचं फर्मान. वय ४७.

"'न्यू' लिहिलं की ऑब्जेक्ट तयार. मेमरीत लगेच जागा मिळते."

"लगेच? ओसी म्हणजे भोगवट्याचा दाखला, फायर ब्रिगेडची एनओसी, काही नाही?"

"सेमीकोलन लागतो."

पुढे एन्कॅप्स्युलेशन. डेटा 'प्रायव्हेट' ठेवायचा. बाहेरच्यानं त्याला थेट हात लावायचा नाही, मेथडमार्फत, म्हणजे क्लासनंच नेमलेल्या फंक्शनमार्फत, विचारायचं. चाळीत वाढलेल्या माणसाला हे सांगतेय! माझे दहावीचे गणितातले ३८ मार्क मला कळायच्या आधी नळावर कळले होते. सवयीनं मी कर्मचाऱ्याचा पगार 'पब्लिक' ठेवला. तिनं तो प्रायव्हेट केला, तर माझाच दुसरा क्लास अडला: 'पगार हॅज प्रायव्हेट अ‍ॅक्सेस इन कर्मचारी.' हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाचा पगार लपवताय?"

क्लास-ऑब्जेक्टची ही सगळी कल्पना रुजली १९६०च्या दशकात, नॉर्वेतल्या डाल आणि नीगार्ड यांच्या सिम्युला भाषेत. ओस्लोत सामाईक नळ नसावेत.

पॉलिमॉर्फिझम, म्हणजे हाक एकच पण प्रत्येक ऑब्जेक्टचं उत्तर वेगळं, याला वेळ लागला नाही. मी मंडळाचा खजिनदार होतो. 'वर्गणी' हा एकच शब्द प्रत्येक दारात उच्चारायचो आणि प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या परीनं प्रतिसाद द्यायचं. तळमजल्यावरचे तर दिवाच मालवायचे.

इनहेरिटन्स, म्हणजे वारसा, मात्र जिव्हाळ्याचा विषय. पागडीची खोली आजोबांकडून बाबांकडे आली, बाबांकडून माझ्याकडे, गळक्या कौलांसकट. सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत एका क्लासला दोन पालक चालतात, जावात एकच. का? दोघांकडे एकाच नावाची मेथड निघाली तर कुणाची धरायची, हा घोळ. मला पटलं. त्या खोलीवर काकांनीही हक्क सांगितला होता. जावा आली १९९५ला. आमची केस १९९३ची.

शेवटी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास. "यात काही मेथडची नुसती नावं असतात, आत काहीच नसतं. म्हणून याचा ऑब्जेक्ट बनवता येत नाही."

माझी नजर भिंतीवर गेली. लिफ्ट. जिम. पोहण्याचा तलाव.

"मग याचं करायचं काय?"

"एक्स्टेंड करायचं, मामा."

"ते आमच्याकडे पाचव्यांदा झालंय," मी म्हटलं, आणि ड्रॉवरमधून बिल्डरची पत्रं काढून तिच्यासमोर ठेवली.