आर्ट्स म्हणजे तीन वर्षं फुकट?

पीयूसीचा (बारावीचा) निकाल लागला की खानापूर-बेळगाव-निपाणीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: 'आर्ट्सला नोकरी नाही. मार्क कमी पडलेल्यांची ती लाईन. वाचायचं ते मोबाईलवर मिळतं, मग तीन वर्षं फुकट कशाला?' मी बेळगावात इतिहास शिकवते. गप्प बसवत नाही, म्हणून लिहिते.

आधी नोकरीचं. मुलानं सरकारी अधिकारी व्हावं असं वाटणारे आईबापच त्याला आर्ट्सपासून लांब ठेवतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इतिहास, भूगोल, राज्यघटना, नीतिशास्त्र आहे. नुसता निबंधच 250 गुणांचा. ऐच्छिक विषयांत मराठी साहित्य आहे, कन्नड साहित्यही आहे. इंजिनियर झालेली मुलं पुढं क्लासला पैसे भरून हेच शिकतात. बी.ए. झालेली कितीतरी मुलं रिकामी आहेत, हे मात्र खरं. जिथं कायम शिक्षक नेमत नाहीत आणि गाईड पाठ करून पास होता येतं, तिथं दुसरं काय होणार? भांडायचं तर त्यासाठी भांडूया.

कमी मार्कांचं म्हणाल, तर हुशार मुलीला मनाविरुद्ध सायन्सला घातल्यावर आर्ट्सच्या वर्गात उरणार कोण?

मोबाईलचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आज कर्नाटकात आहे. इथल्या जुन्या घरांच्या पेट्यांत मोडीतली खरेदीखतं, वाटणीपत्रं अजून पडून आहेत आणि आजचा उतारा कन्नडात निघतो. जमिनीचा वाद उभा राहिला की दोन्ही कागद वाचून मेळ घालणारं माणूस लागतं. 2023 साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारे हुडकावे लागले. कागदाचा फोटो मोबाईलवर पाठवता येतो. पण तारीख शकाची, फसली की सुहूर सनाची, 'मिरास' म्हणजे त्या काळी नेमका कसला हक्क, हे जाणत्याजवळ बसून, चुकत चुकतच शिकावं लागतं.

खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले, ते संस्कृतात. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळची, 1204 ची. मुलांना तिथं नेलं की ती बराच वेळ बोलत नाहीत. 1 नोव्हेंबरला एकाच गावात कुणाचा कर्नाटक राज्योत्सव, कुणाचा महाराष्ट्रात न गेल्याच्या निषेधाचा काळा दिन. त्या दिवशीच्या भाषणांपलीकडचा इतिहास त्यांनी ऐकलेलाच नसतो. मग प्रश्न सुरू होतात. त्या प्रश्नांसाठीच मी शिकवते.

आणि हक्कांचं काय? राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा अधिकार घटनेच्या कलम 350 नं दिला आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याबद्दलचं 350अ 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं आलं. आपण सीमाभागातली माणसं मोर्चे काढतो, घसा फोडून ओरडतो. निवेदनात कलम कोणतं घालायचं म्हटलं की एकमेकांकडं बघतो.

आमच्याकडं राज्यशास्त्र घेतलेली एक मुलगी आहे, वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करतात. गावच्या मराठी शाळेला शिक्षक मिळावा म्हणून तिनं 350अ चा आधार घेऊन अर्ज लिहिला, मराठीत आणि कन्नडातही, आणि शिक्का मारलेली पोच घेऊनच परतली. आता शेजारच्या गावचे लोक आपल्या शाळेचे कागद घेऊन तिच्या घरी येतात.